टिकोजीची गोळी आणि मेट्रनबाईंचा पारा

“डॉक्टर, गोळी कशी द्यायची ते मला शिकवू नका!” मेट्रनबाई म्हणाल्या, तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात बाकाखाली बसलेल्या एका मांजरीनंसुद्धा शेपटी आवरून घेतली. “अडतीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी. पैलवान पाहिले, फौजदार पाहिले, एक जादूगार होता, तो तोंडातली गोळी कानातून काढून दाखवायचा! सगळ्यांनी गिळल्या. निमूट गिळल्या! आणि हा तर कुत्रा आहे.”

तो कुत्रा, म्हणजे टिकोजी, तपासायच्या टेबलावर उभा राहून आपलं दुःख सोसत होता. तेरा वर्षांचा, वाळक्या पानाच्या रंगाचा, कान असे लांब की पाणी पिताना आधी कान भिजायचे आणि मग जीभ. त्यातल्या डाव्या कानाच्या आत गळू झालं होतं. तिथं हात लागला की टिकोजी ओरडायचा नाही, चावायचा नाही. नुसते डोळे मिटून घ्यायचा. आणि ते मिटलेले डोळे मेट्रनबाईंना असे लागायचे, असे लागायचे, की त्या चिडायच्या. काळजी वाटली की कुणी रडतं, कुणी येरझारा घालतं, कुणी जेवण टाकतं. मेट्रनबाई काळजीनं चिडायच्या. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

डॉक्टर तरुण होते आणि मऊ बोलत. “सात दिवस, सकाळ-संध्याकाळ एकेक. गोळी पोटात गेलीच पाहिजे, बाई. गळू जिरलं नाही तर कान उघडावा लागेल. त्यासाठी भूल द्यावी लागेल. आणि या वयात...” त्यांनी टिकोजीच्या छातीवर तळहात ठेवला. “हृदय थकलंय याचं. भूल दिल्यावर हा उठेलच, असं मी नाही सांगू शकत.”

“तशी वेळच येणार नाही!” मेट्रनबाईंनी गोळ्यांची पट्टी उचलून पर्समध्ये टाकली, पर्स फटकन मिटली. “चला हो!”

हे ‘चला हो’ कोपऱ्यात पट्टा धरून उभ्या असलेल्या नवऱ्याला होतं. सगळी आळी त्यांना घड्याळजी म्हणायची. खिडकीपाशी टेबल टाकून, डोळ्याला भिंग लावून त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली. तिळाएवढे स्क्रू बसवताना श्वास रोखून धरायचा, ही त्यांच्या कामाची रीत. संसारही त्यांनी तसाच केला होता, श्वास रोखून.

घरी आल्या आल्या मेट्रनबाईंनी पट्टीनं रेघा मारून तक्ता आखला आणि फ्रिजच्या दारावर डकवला. तारीख, वेळ, ‘दिली’, ‘गिळली’, सही. ‘दिली’ आणि ‘गिळली’ हे दोन वेगळे रकाने पाहून लेक हसली. लेक शाळेत गणित शिकवायची आणि आईच्या तोंडाला तोंड देणारी घरातली एकटीच होती.

“आई, दोन्ही एकच ना?”

“वॉर्डात नव्हतं कधी एक! बघच तू.”

पहिली गोळी त्यांनी शास्त्रशुद्ध दिली. टिकोजीचं डोकं काखेत, एका हातानं जबडा वर, दुसऱ्या हातानं गोळी जिभेच्या पार मुळाशी, तोंड बंद, गळ्यावरून बोटं हळूहळू खाली. टिकोजीचा गळा हलला. जीभ बाहेर आली, नाकावरून फिरली. मेट्रनबाईंनी दोन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या, झोकदार सही ठोकली आणि हात धुतले. “अर्धं मिनिट! लागलं का अर्धं मिनिट?”

दहा मिनिटांनी घड्याळजी म्हणाले, “अगं, इथं काहीतरी पांढरं पडलंय.”

सतरंजीवर गोळी होती. कोरडी, गोल, अखंड. आत्ताच पट्टीतून काढल्यासारखी! टिकोजी तिच्या शेजारी बसून भिंतीकडे असा पाहत होता, जणू ह्या वस्तूशी आपला काहीएक संबंध नाही.

मेट्रनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला फसवलंस? मला?”

संध्याकाळी उकडलेला बटाटा झाला. बटाट्याच्या पोटात गोळी. टिकोजीनं बटाटा खाल्ला, वाटी चाटली, वाटीखालची फरशी चाटली. गोळी वाटीच्या बरोब्बर मध्ये, धुऊन पुसून ठेवलेली! दुसऱ्या दिवशी चीज झालं. चीजमधून त्यानं गोळी अशी सोलून काढली की घड्याळजींच्या तोंडून निघून गेलं, “काय नाजूक काम आहे गं!”

“कौतुक करा! करा कौतुक! वर बक्षीस द्या!”

“तसं नाही गं, मी आपलं...”

“तुम्ही आपलं घड्याळ बघा!”

संध्याकाळी टॉवेल झाला. टॉवेलमध्ये टिकोजीला गुंडाळायचं, फक्त तोंड बाहेर ठेवायचं, म्हणजे पंजे मध्ये येत नाहीत, असा बेत. पाच मिनिटं झटापट झाली. एक स्टूल पडलं, एक चष्मा पलंगाखाली गेला. लेक धावत आली तेव्हा टॉवेलमध्ये आई गुंडाळलेली होती आणि टिकोजी दारात उभा राहून शेपूट हलवत होता. एवढा मजेचा खेळ त्याच्याशी कित्येक दिवसांत कुणी खेळलं नव्हतं!

“आई, जरा हळू. शेजारी ऐकतायत.”

“ऐकू देत! शेजाऱ्यांनाही कळू दे, या घरात कोण कोणाचं ऐकतं ते! हा ऐकत नाही, तू ऐकत नाहीस, आणि हे,” त्यांनी खिडकीकडे हात केला, “हे तर ऐकतात की नाही तेच कळत नाही!”

खिडकीपाशी घड्याळजींनी भिंग डोळ्यात आणखी घट्ट बसवलं.

तिसऱ्या दिवशीही तोच तमाशा, पण दोन्ही वेळा गोळी काही परत सापडली नाही. संध्याकाळी मेट्रनबाई एकट्याच तक्त्यापुढे उभ्या राहिल्या. ‘दिली’च्या रकान्यात सहा खुणा. ‘गिळली’च्या रकान्यात, पहिली खोडल्यावर, उरलेल्या दोन, आणि त्यातही एकीपुढं त्यांनी स्वतःच प्रश्नचिन्ह काढलेलं. टिकोजी त्यांच्या पायाशी येऊन पडला. दुखरा कान वर, बरा कान खाली. त्यांनी वाकून पाहिलं. सूज होती तशीच. त्यांनी जरासा हात लावला, आणि टिकोजीनं डोळे मिटले.

“गाढवा,” त्या म्हणाल्या. “मूर्खा. उद्या सकाळी जायचंय तुला दाखवायला. काय दाखवू मी तिथं?” त्यांनी फ्रिजचं दार उगीचच उघडलं आणि धाडकन लावलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या दात घासून स्वयंपाकघराशी आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

घड्याळजी ओट्यापाशी पाठमोरे उभे. डोळ्याला भिंग. पुढ्यात बशी, बशीत पांढरी गोळी. आपल्या चिमुकल्या पितळी हातोडीच्या दांड्यानं ते गोळीची भुकटी करत होते. अशी हलक्या हातानं, अशी लयीत, जणू कुणाची झोप मोडायला नको. मग चिमट्यानं एकेक कण गोळा करून त्यांनी ती भुकटी मधाच्या चमच्यात कालवली, आणि तो मध ओट्सच्या वाटीत असा फिरवला की वाटीचा रंगसुद्धा बदलला नाही.

“अहो!”

घड्याळजी इतके दचकले की भिंग मधात पडलं.

“काय चाललंय हे?”

“काही नाही! हे आपलं... हे... टिकोजीची गोळी!”

मेट्रनबाई दोन पावलं पुढं आल्या. आधी त्यांना राग आला, कारण त्यांना न विचारता घरात औषध दिलं जात होतं. मग आणखी राग आला, कारण युक्ती चांगली होती. भुकटी! मध! तीन दिवस आपल्याला कसं सुचलं नाही?

“आणा इकडे ती वाटी.”

“अगं थांब, ती नको! ती मी... मी दुसरी करतो त्याच्यासाठी.”

“दुसरी कशाला? ही काय वाईट आहे?”

“अगं, ऐक तर माझं...”

“नंतर ऐकते!” चाळीस वर्षं त्या नंतरच ऐकत आल्या होत्या. वाटी त्यांनी ओढून घेतली आणि टिकोजीपुढं ठेवली.

आणि नवल! टिकोजीनं एकदा हुंगलं, एकदा वर पाहिलं, आणि तोंड घातलं. वाटी चाटली, पुसली, फरशीवरून ढकलत पार दारापर्यंत नेली. थुंकला नाही, सोललं नाही, काही काही ठेवलं नाही!

“गिळली!” मेट्रनबाईंनी टाळी वाजवली. “गिळली! सगळी गिळली!” त्यांनी तक्त्यावर दोन्ही खुणा केल्या आणि हिशेब नीट असावा म्हणून पर्समधून पट्टी काढली. गोळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. थुंकलेल्या गोळ्या त्यांनी पुराव्यासाठी बाटलीत भरून ठेवल्या होत्या, त्याही मोजल्या.

“अहो.”

घड्याळजी भिंत धरून उभे होते. तोंड ओट्ससारखंच पांढरं झालेलं.

“अहो, पट्टीतली गोळी कमी झालेली नाही. बाटलीतली नाही. मग तुम्ही कुटलीत ती कुठली?”

घड्याळजींनी श्वास रोखला.

“बोला! काय घातलंत माझ्या कुत्र्याच्या पोटात?”

“मी नाही घातलं,” घड्याळजी कसेबसे म्हणाले. “तू घातलंस. ती त्याची नव्हती.”

“मग कुणाची?”

आवाज ऐकून लेक आली. तिनं रिकामी वाटी पाहिली, टिकोजीच्या मिशांवरचा मध पाहिला, बापाचं तोंड पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. “बाबा! आईची?”

“माझी?” मेट्रनबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “माझी कुठली गोळी? मी कुठे गोळी घेते?”

“घेतेस,” घड्याळजी जमिनीकडे बघत म्हणाले. “बीपीची. अकरा महिने झाले.”

अकरा महिन्यांपूर्वी मेट्रनबाईंच्या डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजून गोळी लिहून दिली होती हे खरं. मेट्रनबाईंनी ‘तुमचं मशीन बिघडलंय’ असं सांगून चिठ्ठीचे चार तुकडे करून त्यांच्याच टेबलावर ठेवले होते, हेही खरं. ते चार तुकडे घड्याळजींनी मागं राहून उचलले, घरी आणून चिमट्यानं जुळवले, चिकटवले, हे मात्र मेट्रनबाईंना आज कळत होतं.

पायाखालची जमीन सरकली. पण ती सरकते आहे तोवरच त्यांच्यातली नर्स उठून उभी राहिली. “ओरडायचं मग बघू!” त्या ओरडल्या. “आधी कुत्रा! गाडी काढ!”

लेकीनं गाडी काढली. टिकोजी मागच्या सीटवर, एका बाजूला घड्याळजी, दुसऱ्या बाजूला मेट्रनबाई. त्यांची दोन बोटं टिकोजीच्या मांडीच्या आतल्या शिरेवर, नजर मनगटावरच्या घड्याळावर, आणि तोंड नवऱ्याकडे.

“रोज?”

“रोज.”

“ओट्समध्ये?”

“आधी जॅममध्ये देत होतो. पण तू म्हणालीस, जॅम कडसर लागतो, मग मधावर आलो.”

“म्हणजे मी मध का आणता म्हणून विचारलं, तेव्हा घशाला बरा असतो म्हणालात, ते?”

“तेही खरंच आहे गं.”

“खरं! तुम्ही खरं हा शब्द काढू नका तोंडातून! एकशे दहा, एकशे आठ... नाडी ठीक आहे... आणि तू गं? तुला ठाऊक होतं?”

“मी फक्त गोळ्या आणायचे,” लेक आरशातून म्हणाली.

“फक्त! वॉर्डात विष घालणाराही हेच म्हणेल! सिग्नल हिरवा झालाय, दिसत नाही का? अहो, कुत्रा जांभई देतोय! जांभई का देतोय हा?”

“त्याची रोजची वेळ आहे, अगं.”

“तुम्ही गप्प बसा! अडतीस वर्षं मी लोकांच्या तोंडात गोळ्या घातल्या, आणि माझ्याच तोंडात... बटाट्यातल्या गोळीसारखी... आणि मला कळलंसुद्धा नाही!” हेच खरं शल्य होतं. ह्या कुत्र्यालाही कळलं असतं. ह्या कुत्र्याला तीन दिवस कळत होतं! मेट्रनबाईंनी टिकोजीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रोग्याचा त्यांना हेवा वाटला.

डॉक्टरांनी टिकोजीला टेबलावर घेतलं. डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, मागच्या पायाला पट्टा गुंडाळून जनावरांच्या मशीनवर रक्तदाब मोजला. गोळी कितीची, विचारलं. घड्याळजींनी खिशातून घड्याळाची जुनी डबी काढली. तिच्यात मेट्रनबाईंची पट्टी होती, कापसात ठेवलेली. डॉक्टरांनी ती वाचली.

“कुत्रा मोठा आहे, गोळी लहान आहे. आत्ता तरी दाब ठीक दिसतोय. पण दुपारपर्यंत इथंच बसा, मी मधूनमधून मोजत राहीन.” मग त्यांनी कानाचा दिवा लावून कानात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “गळू थोडं उतरायला लागलंय. दोन गोळ्या गेल्या म्हणता ना, त्यांनी काम केलंय. पण आजची आत्ता गेली पाहिजे. आज खंड पडला तर पुन्हा भरेल, आणि मग मला परवा कान उघडावा लागेल.”

“सुई द्या ना!”

“या औषधाची सुई माझ्याकडे नाही, बाई. गोळीच.”

“मग द्या गोळी! तुम्ही द्या! तुम्ही शिकलात ना त्याचंच!”

डॉक्टरांनी दिली. टिकोजीनं घेतली, क्षणभर विचार केला, आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात परत केली. अगदी खिशात! दुसऱ्यांदा डॉक्टरांनी जबडा धरला, तर टिकोजी टेबलावरून उतरून बाकाखाली शिरला आणि दुखरा कान भिंतीला लावून बसला.

मग मात्र मेट्रनबाईंचा बांध फुटला. “अरे, मरशील ना! तुझ्यासाठी चाललंय ना सगळं? कोण सांगतं तुला नको म्हणायला? आणि तुम्ही, डॉक्टर म्हणवता स्वतःला! आणि तुम्ही, नवरे म्हणवता! आणि तू, पोटची पोर...” त्यांचं नाक लाल झालं, मग गाल, मग कपाळ. कपाळावरची शीर दोरीसारखी उठली. त्यांनी टेबलाची कड धरली.

“डॉक्टर,” लेक घाईनं म्हणाली, “ते मशीन माणसाला चालतं का?”

“तसं नसतं ते, पण...” डॉक्टरांनी सगळ्यात मोठ्या कुत्र्याचा पट्टा काढला आणि कुणी नको म्हणायच्या आत तो मेट्रनबाईंच्या दंडाला गुंडाळला. मशीन घुरघुरलं. आकडा आला. डॉक्टरांनी आकड्याकडे पाहिलं, मग मशीनच्या वायरीकडे, मग पुन्हा आकड्याकडे.

“बाई, मशीन जनावरांचं आहे, आकडा चुकत असेल. पण आज तुमची गोळी कुत्र्याच्या पोटात गेली आहे, हे मात्र चुकत नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता घ्या. आणि मग तुमच्या डॉक्टरांकडे जा.”

“मला काही झालेलं नाही! मशीन बिघडलंय!”

“अगं, घे ना,” घड्याळजी पुढं झाले. त्यांनी दोन्ही तळहात पुढं केले. एकावर मेट्रनबाईंची गोळी, दुसऱ्यावर डॉक्टरांकडून घेतलेली टिकोजीची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. पण घड्याळजींनी मध पुसलेलं भिंग लावून दोनदा खात्री करून घेतली होती. “घे गं. एवढीशी आहे.”

“नाही घेणार! अकरा महिने चोरून चारलीत, आता उघड चारताय? मी कुत्रा आहे का?”

बाकाखालून टिकोजीनं मान बाहेर काढली, आणि आत घेतली.

आणि तेव्हा ते झालं.

घड्याळजींनी श्वास सोडला. चाळीस वर्षांचा रोखलेला श्वास, एका दमात! “बस्स!” आवाज असा आला की कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. “बस्स झालं! रोज सकाळी माझा हात थरथरतो, एक कण सांडला तर काय होईल म्हणून! रोज! रोज तुझं तोंड बघत बसतो, कडू लागलं का म्हणून! एक तिकडे बाकाखाली, एक इकडे! दोघंही मरायला निघालात, आणि मी एकटा काय करू मागं राहून? घड्याळांना चाव्या देत बसू? तोंड उघडा! गिळा! दोघंही! आत्ता!”

मेट्रनबाईंनी तोंड उघडलं. उघडलं कसं, ते उघडलंच गेलं. हातावरची गोळी त्यांनी उचलली, जिभेवर ठेवली आणि पाण्याविना गिळून टाकली. त्याच क्षणी बाकाखालून टिकोजी सरपटत आला, कान जमिनीला टेकलेले, दुसऱ्या तळहातावरची गोळी त्यानं जिभेनं उचलली, आणि त्याच्या गळ्यातून ‘गुळुक’ असा स्वच्छ आवाज आला. डॉक्टरांनी त्याचा जबडा उघडून पाहिलं. वर, खाली, गालात, जिभेखाली. काही नव्हतं.

“गेली,” डॉक्टर कुजबुजले.

लेक बापाकडे बघत होती. बाप आपल्या दोन रिकाम्या तळहातांकडे बघत होता, जणू हे हात, हा आवाज, कुणी दुरुस्तीला आणून टाकलेला आहे. मग ते बाकावर बसले. टिकोजीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, बरा कान खाली, दुखरा कान वर.

मेट्रनबाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी पदराच्या टोकानं नाक पुसलं, नवऱ्याच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली, आणि दुखावलेल्या, अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

“एवढं ओरडायची काय गरज होती? गोडीनं सांगितलं असतं, तर घेतली नसती का मी?”